ठाण्यातील बेने इस्राएल वस्ती

ठाण्यातील बेने इस्राएल वस्ती म्हणजे ठाणे शहराच्या जुन्या भागात, टेंभी नाका व त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत एकोणिसाव्या शतकापासून नांदत आलेली मराठीभाषक ज्यू समाजाची वसाहत होय. १८७९ साली बांधलेले 'शाआर हाशामाईम' हे सिनेगॉग या वस्तीचे केंद्र आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातील बहुसंख्य ज्यू इस्राएलला निघून गेले. कोकणातील अनेक गावांत त्यांची सिनेगॉगे उरली, पण उपासक उरले नाहीत. ठाण्याच्या बाबतीत मात्र उलट घडले. मुंबईतून व कोकणातून येणारी कुटुंबे येथे स्थिरावत गेली आणि भारतात आज उरलेल्या ज्यू वस्त्यांमध्ये ठाण्याची वस्ती सर्वांत मोठ्या वस्त्यांपैकी एक गणली जाते.

स्थान व परिसर

टेंभी नाका हा ठाणे रेल्वे स्थानकापासून पायी जाता येण्याजोग्या अंतरावरील चौक. मासुंदा तलाव, म्हणजे ठाणेकरांची तलावपाळी, येथून जवळच आहे. विठ्ठल सायन्ना यांच्या नावाचे जिल्हा रुग्णालय, जे लोकांच्या तोंडी 'सिव्हिल हॉस्पिटल' म्हणूनच राहिले, याच भागातले. अलीकडच्या पिढ्यांना टेंभी नाका ठाऊक आहे तो शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांच्या आश्रमामुळे व तेथील नवरात्रोत्सवामुळे. नवरात्राच्या दिवसांत या चौकात पाय ठेवायला जागा नसते.

परंतु या परिसराचे वैशिष्ट्य एका धर्मस्थळात सामावणारे नाही. येथे जैन मंदिर आहे, जवळच पारशी अग्यारी आहे, तलावाच्या काठी कौपिनेश्वराचे देऊळ आणि पलीकडे सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आहे. या सर्वांच्या मध्ये, रुग्णालयाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिनेगॉग उभे आहे. रिक्षावाल्याला 'सिनेगॉग' हा शब्द कळेलच असे नाही. जुन्या ठाणेकरांना ती ज्यू लोकांची 'मशीद' म्हणून माहीत असे. हा शब्द अज्ञानातून आलेला नाही. बेने इस्राएल स्वतःच आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणत. मुंबईच्या मांडवी भागातील त्यांचे पहिले सिनेगॉग 'जुनी मशीद' व नंतरचे 'नवी मशीद' या नावांनी ओळखले जाई.

युरोपात ज्यूंच्या वस्त्या बहुधा सक्तीने वसवल्या गेल्या. व्हेनिसमध्ये १५१६ साली ज्यूंसाठी जो भाग नेमून दिला गेला, त्याचे दरवाजे रात्री बंद होत, आणि तेथूनच 'घेटो' हा शब्द जगभर गेला. पुढे अमेरिकेतील हार्लेमसारख्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांनाही तोच शब्द लावला गेला. ठाण्याच्या वस्तीला असे दरवाजे कधी नव्हते. कोणत्याही कायद्याने बेने इस्राएलांना टेंभी नाक्याजवळ राहण्यास भाग पाडले नाही. ते तेथे एकत्र राहिले ते स्वतःच्या धर्मनियमांमुळे, आणि त्या नियमांचे स्वरूप समजल्याशिवाय या वस्तीची घडण कळत नाही.

समाजाची पूर्वपीठिका

बेने इस्राएल या हिब्रू शब्दांचा अर्थ 'इस्राएलची लेकरे'. समाजात सांगितल्या जाणाऱ्या परंपरेनुसार, फार प्राचीन काळी एक गलबत अलिबागजवळील नवगाव येथे खडकावर आपटून फुटले आणि त्यातील सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना नवगाव येथे पुरण्यात आले. तेथे आज समाजाने उभारलेले स्मारक आहे. या कथेचा काळ निश्चित करता येत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजात भारतीय व मध्यपूर्वेकडील ज्यू अशा दोन्ही वंशपरंपरांचे मिश्रण आढळले. परंपरा अक्षरशः खरी मानावी असे यावरून ठरत नाही, पण ती निराधारही ठरत नाही.

कोकणात या लोकांनी तेल गाळण्याचा व्यवसाय पत्करला. शनिवारी ते घाण्याला बैल जुंपत नसत, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. धर्मग्रंथ हरवले होते, हिब्रू भाषा विसरली गेली होती. उरले होते ते शनिवारचे विश्रांतीव्रत, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि 'शेमा' ही एकच प्रार्थना. कोळ्यांच्या शेजारी राहूनही ते कोळंबी व खेकडे खात नसत, कारण पर आणि खवले असलेलाच मासा खावा असा त्यांचा नियम होता. समुद्रकाठच्या गावात हा नियम शतकानुशतके पाळणे ही साधी गोष्ट नव्हे.

त्यांची आडनावे गावांवरून पडली. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चेऊलकर, दिवेआगरचे दिवेकर, आवासचे आवासकर, झिराडचे झिराडकर. रायगड जिल्ह्याचा नकाशा उलगडला की समाजाची आडनावे एकेक करून सापडत जातात. यांतील कित्येक आडनावे हिंदूंमध्येही आहेत, त्यामुळे आडनावावरून धर्म ओळखू येत नाही.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्राएल मुंबईस येऊ लागले. कंपनी सरकारच्या पलटणींत त्यांनी चाकरी धरली व अनेक जण सुभेदारीपर्यंत चढले. समाजाचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी मुंबईत बांधले. कोकणी वळणाने त्यांचे नाव समाजी हसाजी दिवेकर असे होते. म्हैसूरच्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत पडले असता सुटका झाल्यास देवालय बांधीन असा नवस त्यांनी केला होता, अशी आख्यायिका आहे. १८२६ पासून कोचीनचे ज्यू शिक्षक येऊन हिब्रू प्रार्थना शिकवू लागले. ख्रिस्ती मिशनऱ्यांचाही या कामी अनपेक्षित उपयोग झाला. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. त्यामागचा हेतू धर्मांतराचा होता. समाजाने व्याकरण घेतले आणि धर्म आपलाच ठेवला.

ठाण्यातील वसाहत

ठाणे १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतले. इंग्रजी अमलात ते जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले. किल्ला, कचेरी, न्यायालय, तुरुंग आणि दप्तरे यांमुळे शहरात सरकारी नोकरांची वस्ती वाढली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी रेल्वे ठाण्यास पोहोचली, आणि मुंबईत नोकरी करून ठाण्यात घर ठेवणे शक्य झाले.

बेने इस्राएलांच्या जीवनात याच सुमारास एक मोठे वळण आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सैन्यभरतीचे धोरण बदलले. पलटणी व तुकड्या जातवार लावण्यात येऊ लागल्या. ज्या समाजाची संख्या एक स्वतंत्र तुकडी भरण्याइतकी नव्हती, त्याला वरच्या पदांचा मार्ग बंद झाला. पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत राहिलेली कुटुंबे कारकुनीकडे, रेल्वेकडे, टपाल, सार्वजनिक बांधकाम, शिक्षण व रुग्णसेवेकडे वळली. तेलाचा घाणा गावीच राहिला होता, तलवारही गेली आणि हाती लेखणी आली. ठाण्यासारख्या कचेऱ्यांच्या व रेल्वेच्या गावी हा समाज रुजला, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

सिनेगॉग

'शाआर हाशामाईम' म्हणजे 'स्वर्गाचे द्वार'. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात, याकोबाला स्वप्नात पृथ्वीवरून आकाशापर्यंत गेलेली शिडी दिसते. जागा झाल्यावर तो त्या स्थळाला ज्या शब्दांनी संबोधतो, त्यांतून हे नाव घेतले आहे. सिनेगॉग १८७९ साली बांधले गेले. ठाण्यातील मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९३ ची, म्हणजे शहरातील अनेक नामांकित सार्वजनिक संस्थांपेक्षा हे सिनेगॉग जुने आहे, ही गोष्ट ठाण्याचा इतिहास सांगताना सहसा ध्यानात घेतली जात नाही.

बेने इस्राएल सिनेगॉगांची मांडणी सर्वत्र साधारण सारखी असते. आत मूर्ती किंवा चित्र नसते. तोराच्या गुंडाळ्या ज्या कपाटात ठेवतात त्याला 'हेखाल' म्हणतात. भारतातून जेरुसलेम पश्चिमेस असल्यामुळे हेखाल पश्चिमेच्या भिंतीशी असते आणि उपासक मावळतीकडे तोंड करून प्रार्थना करतात. मध्यभागी कठड्याने वेढलेला चौथरा असतो. त्यावर उभे राहून हाझान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, वाचन करतो. सुंतेच्या विधीसाठी प्रेषित एलियाहूच्या नावाची एक खुर्ची राखलेली असते. स्त्रियांची बसण्याची जागा पुरुषांपासून वेगळी असते.

सिनेगॉगचा कारभार पाहणाऱ्यांची जुनी पदनामे मराठी गावगाड्यातून आलेली आहेत. प्रमुख तो मुकादम आणि त्याचा साहाय्यक तो चौगुला. धर्मविधी चालवणाऱ्यास पूर्वी काझी म्हणत. हिब्रू जाणणारे हाझान व सेवेकरी शामाश ही नावे नंतर रूढ झाली. एकाच देवळात मुकादम, चौगुला, काझी आणि हाझान या चार शब्दांनी चार परंपरा एकत्र नांदाव्यात, याहून या समाजाचे नेमके वर्णन करणे कठीण आहे.

दहा पुरुष आणि पायी अंतर

ज्यू धर्मात सामुदायिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुष हजर असावे लागतात. या गणसंख्येस 'मिन्यान' म्हणतात. नऊ जण जमले तर प्रत्येकाला आपापली प्रार्थना म्हणता येते, परंतु तोराचे जाहीर वाचन होत नाही आणि मृतांसाठी म्हणायची 'कद्दीश' ही प्रार्थनाही होत नाही. वडिलांसाठी कद्दीश म्हणू इच्छिणाऱ्या मुलाला आणखी नऊ जण हवे असतात.

दुसरा नियम शब्बाथचा. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत काम करायचे नाही, अग्नी पेटवायचा नाही, वाहनात बसायचे नाही. सिनेगॉगला जायचे तर पायी.

या दोन नियमांनी वस्तीचा आकार ठरवला. ज्याला शनिवारी सकाळी प्रार्थनेस जायचे आहे, त्याचे घर चालत जाता येईल इतक्या अंतरावर असले पाहिजे. आणि सिनेगॉग चालू राहावे असे वाटत असेल, तर अशी पुरेशी घरे भोवती असली पाहिजेत. टेंभी नाक्याजवळच्या चाळी, वाडे व नंतरच्या इमारतींमध्ये बेने इस्राएल बिऱ्हाडे हिंदू, पारशी, ख्रिस्ती व मुसलमान बिऱ्हाडांच्या मधोमध होती. घराच्या चौकटीच्या उजव्या अंगास तिरकी लावलेली 'मेझुझा' ही लहान नळी दिसली तरच ते घर ज्यूंचे आहे हे कळे. या नळीत धर्मवचने लिहिलेला चर्मपट असतो आणि घरात येता-जाता तिला बोट लावून ते ओठांशी नेतात.

रायगड जिल्ह्यातील जुन्या सिनेगॉगांची स्थिती पाहिली म्हणजे मिन्यानचे महत्त्व स्पष्ट होते. रेवदंडा, अलिबाग, पनवेल व पेण येथील सिनेगॉगे ठाण्याच्या आधीची, १८४० ते १८६५ या काळात बांधलेली. इमारती आहेत, हेखाल आहे, काही ठिकाणी नित्य देखभालही होते. परंतु गावात दहा पुरुष नसल्याने एरवी सामुदायिक प्रार्थना होऊ शकत नाही आणि सणाला किंवा नवसाला बाहेरून मंडळी आली तरच ती भरतात. ठाण्याच्या सिनेगॉगात मात्र ती नियमित होत राहिली.

सण, मलिदा व खाद्यसंस्कृती

हिब्रू नावे परिचित होण्यापूर्वी बेने इस्राएलांनी आपल्या सणांना मराठी नावे दिली होती. वर्षारंभ तो 'नव्याचा सण'. प्रायश्चित्ताचा दिवस, ज्याला हिब्रूत योम किप्पूर म्हणतात, तो 'दारफळणीचा सण'. त्या दिवशी घराची दारे लावून, पांढरी वस्त्रे नेसून, इतरांचा संपर्क टाळून कडकडीत उपास करीत. दुसऱ्या दिवशीचा तो 'शिळा सण'. पितर उपासाच्या दिवशी घरी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात, अशी जुन्या लोकांची श्रद्धा होती. भाद्रपदातील पितृपक्ष याच सुमारास येतो, हे शेजाऱ्यांच्या सहवासाचे फळ म्हणावे की योगायोग, यावर मतभेद होऊ शकतात. नव्या तांदळाची, नारळ-गूळ घातलेली खीर करण्याचा तो 'खिरीचा सण'. पुरीम हा होळीच्या आसपास येतो, म्हणून तो 'होळीचा सण', आणि त्या दिवशी पुरणपोळीही होते. जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस ज्या दिवशी झाला, त्या शोकदिनास 'बिरड्याचा सण' म्हणत, कारण मांस वर्ज्य असल्याने वालाचे बिरडे केले जाई. मंदिराच्या नाशाची आठवण वालाच्या बिरड्याशी जोडणारा समाज कोकणाबाहेर कोठे असणे शक्य नाही.

बेने इस्राएलांचा सर्वांत स्वतंत्र विधी म्हणजे मलिदा. तो प्रेषित एलियाहू, त्यांच्या उच्चारात 'एलियाहू हनाबी', याला उद्देशून केला जातो. भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, वेलची व सुका मेवा एकत्र करून ताटात रास मांडतात. भोवती निरनिराळी फळे ठेवतात आणि सुवासासाठी गुलाबाची फुले ठेवतात. प्रार्थना व एलियाहूचे गीत झाल्यावर प्रत्येक फळावर वेगळा आशीर्वाद म्हणून ते वाटले जाते. लग्न, नवे घर, परीक्षेतील यश, परदेशगमन, आजारातून उठणे, फेडायचा नवस, अशा कोणत्याही निमित्ताने मलिदा होतो. अलिबाग तालुक्यातील खंडाळे येथे एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत अशी श्रद्धा असून समाजाचे लोक तेथे नवस फेडण्यास जातात. पूर्वी या निमित्तच्या सणास 'एलियाहू हनाबीचा उरूस' असे म्हणत. बाहेरून येणाऱ्या ज्यू पाहुण्यांना मलिदा परका वाटतो. जगातील इतर ज्यूंमध्ये तो नाही.

स्वयंपाकात दूध व मांस एकत्र येऊ नये हा ज्यू धर्माचा नियम कोकणी नारळाने सोपा केला. मटणाच्या रश्शाला नारळाचे दूध चालते, कारण ते दूध नव्हे. शब्बाथच्या आशीर्वादासाठी द्राक्षासव मिळत नसे, तेव्हा काळ्या मनुका भिजवून, कुसकरून त्यांचे सरबत केले जाई. ही पद्धत आजही घराघरांत टिकून आहे. नव्याच्या सणाला गव्हाच्या चिकाचा व नारळाच्या दुधाचा हलवा करतात. तो घोटायला तासन्‌तास लागतात आणि शेजारपाजारी वाटला जातो. ज्यू धर्माविषयी काहीही ठाऊक नसलेल्या शेजाऱ्यांनाही हा हलवा ठाऊक असतो.

मराठी भाषा व कीर्तन

या समाजाची घरची भाषा मराठी आहे. हिब्रू ही प्रार्थनेची आणि इंग्रजी ही शिक्षणाची भाषा झाली तरी ओव्या, लग्नगीते व पाळणे मराठीतच राहिले. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा 'हग्गादा' हा ग्रंथ १८४६ मध्ये मुंबईत हिब्रू-मराठीत छापला गेला. १८७४ च्या पुणे आवृत्तीतील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या दाखवल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी अनेक प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले.

१८८० पासून समाजात कीर्तनाचा प्रघात पडला. हिंदू कीर्तनकारांची कीर्तने ऐकून, त्याच धर्तीवर, पूर्वरंग-उत्तररंगाच्या अंगाने अब्राहाम, योसेफ, मोशे व राणी एस्तेर यांची आख्याने रचली गेली. चाली मराठी, वृत्ते मराठी, कथा बायबलची. हिब्रू न समजणाऱ्या स्त्रियांना व मुलांना धर्म कळण्याचे ते मोठे साधन होते. पुढे शिकलेल्या पिढीला कीर्तन जुनाट वाटू लागले आणि ते मागे पडले. ज्या समाजाने विसरलेले हिब्रू पुन्हा कष्टाने मिळवले, त्याने मिळवलेले कीर्तन सहज सोडून दिले, हे खेदाचे आहे.

शिक्षणाच्या क्षेत्रात हाईम सॅम्युएल किहीमकर यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी १८७५ मध्ये मुंबईत सुरू केलेली शाळा पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा म्हणून नावारूपास आली. समाजाचा पहिला विस्तृत इतिहासही त्यांनीच लिहिला. १८९७ च्या सुमारास पूर्ण झालेला तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ साली तेल अवीवमध्ये छापला गेला. या शाळेच्या मुख्याध्यापिका रिबेका रूबेन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड (पद्मश्री, १९६६) यांच्यामुळे स्त्रीशिक्षणात या छोट्या समाजाचे पाऊल पुढे पडले.

अंतर्गत भेद

या वस्तीचा इतिहास केवळ सलोख्याचा म्हणून रंगवणे अपुरे ठरेल. बेने इस्राएलांत 'गोरे' आणि 'काळे' असे दोन गट होते. आईवडील दोघेही समाजातले असलेले ते गोरे. काळे म्हणजे पुरुषाने बाहेरच्या स्त्रीपासून झालेल्या संततीचे वंशज. नावे रंगाची असली तरी भेद कातडीचा नव्हता, वंशशुद्धीच्या कल्पनेचा होता. गोरे काळ्यांशी बेटीव्यवहार करीत नसत आणि काही ठिकाणी भांडीही वेगळी असत. सिनेगॉगात काळ्यांना मागे बसावे लागे आणि धर्मविधीतील मान त्यांना शेवटी मिळे. भोवतालच्या जातिव्यवस्थेचा हा ठसा आहे, हे उघड आहे. विसाव्या शतकात शिक्षण व सुधारकांचे प्रयत्न यांमुळे हा भेद क्षीण होत गेला आणि आज तो जवळजवळ नाहीसा झाला आहे.

स्थलांतर

१९४८ साली इस्राएलची स्थापना झाली तेव्हा भारतात सुमारे वीस हजार बेने इस्राएल होते. पुढील काही दशकांत त्यांतील बहुतेकांनी देश सोडला. भारतात त्यांचा छळ झाला म्हणून ते गेले, असे समाजातील कोणीही म्हणत नाही. धर्माची ओढ, नव्या देशाचे आकर्षण, इंग्रज गेल्यावर सरकारी नोकऱ्यांविषयी वाटणारी अनिश्चितता आणि आधी गेलेल्या नातलगांचा आग्रह ही कारणे सांगितली जातात.

तेथे गेल्यावर अनेकांना वेगळाच अनुभव आला. कामे कष्टाची मिळाली आणि सावळ्या वर्णामुळे हेटाळणी झाली. काहींनी धरणे धरून भारतात परत पाठवण्याची मागणी केली आणि १९५२ मध्ये एक गट परतलाही. त्याहून जिव्हारी लागला तो १९६२ चा प्रसंग. बेने इस्राएलांचे लग्न इतर ज्यूंशी लावण्यापूर्वी त्यांच्या कित्येक पिढ्यांची वंशावळ तपासावी, अशा सूचना तेथील सर्वोच्च धर्मपीठाने दिल्या. ज्यांनी दोन हजार वर्षे शनिवार पाळला असे ते मानत होते, त्यांना आपण ज्यू आहोत हे सिद्ध करावे लागणार होते. समाजाने जेरुसलेममध्ये आंदोलन केले. १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल सर्व बाबतीत पूर्ण ज्यू आहेत असे स्पष्ट केले, आणि धर्मपीठाने सूचनेतील बेने इस्राएलांचा नामोल्लेख काढून टाकला. आपल्या समाजातील 'काळ्यां'ची वंशशुद्धी ज्या कसोटीने पूर्वी तपासली जात होती, तीच कसोटी आता सर्वांना लावली गेली, हा विरोधाभास जाणत्यांच्या नजरेतून सुटला नाही.

याच काळात ठाण्याची वस्ती मात्र वाढली. मुंबईतील मांडवी, डोंगरी, उमरखाडी, भायखळा या जुन्या ज्यू मोहल्ल्यांतील जे लोक इस्राएलला गेले नाहीत, त्यांच्याभोवतीची वस्ती विरळ झाली होती आणि मुंबईत मोठे घर परवडत नव्हते. ठाण्यात घर स्वस्त होते, लोकल गाडी होती आणि चालते सिनेगॉग होते. अशा रीतीने मुंबईचे उपनगर मानले जाणारे शहर ज्यू जीवनाच्या दृष्टीने मुंबईच्या बरोबरीस आले.

सद्यस्थिती

आज भारतात सर्व मिळून सुमारे चार-पाच हजार ज्यू असून त्यांतील बहुसंख्य बेने इस्राएल आहेत आणि ते मुख्यतः मुंबई-ठाणे परिसरात राहतात. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका झाली. त्यानंतर शहर घोडबंदर रस्त्याच्या दिशेने पसरत गेले. टेंभी नाक्याजवळच्या जुन्या चाळी पाडून उंच इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील घरांच्या किमती मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवाक्यापलीकडे गेल्या, आणि नवी पिढी दूरच्या गृहसंकुलांत राहू लागली. तेथून शनिवारी सकाळी सिनेगॉगपर्यंत चालत येणे अवघड आहे. वाहनाने यावे तर शब्बाथ मोडतो, न यावे तर मिन्यान कमी पडते. हा प्रश्न प्रत्येक कुटुंब आपापल्या परीने सोडवते. अनेक जण वाहनानेच येतात. कल्याण व डोंबिवली येथे सिनेगॉग नाही. तेथील कुटुंबांना सर्वांत जवळचे सिनेगॉग ठाण्याचे आहे.

२००८ मध्ये मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात कुलाब्यातील नरिमन हाऊस हे ज्यू केंद्र लक्ष्य झाले होते. त्यानंतर राज्यातील सिनेगॉगांना पोलीस बंदोबस्त देण्यात आला आणि जेथे पूर्वी कोणीही डोकावून पाहू शके, तेथे आता ओळख सांगावी लागते. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. तोपर्यंत अनेक शासकीय कागदपत्रांत धर्माच्या रकान्यात या समाजाला 'इतर' असे लिहावे लागे.

इस्राएलमधील लोद, रामला, अश्दोद, बेर शेवा व दिमोना या गावांत स्थायिक झालेले बेने इस्राएल आजही महाराष्ट्र दिन साजरा करतात, 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक तेथून निघते, आणि मलिद्याला लागणारे पोहे तेथे भारतीय वाण्याच्या दुकानात मिळतात. सुट्टीत ठाण्याला येणाऱ्या या नातलगांची मुले हिब्रू बोलतात आणि ठाण्यातील त्यांची भावंडे मराठी व इंग्रजी. आजी मात्र दोघांशीही मराठीतच बोलते.